आडाखे आणि संगणकांचे जाळे : तांड्यापासून ‘गरुड’पर्यंत

दुकानदार सकाळी दुकानाच्या फळ्या काढतो तेव्हा त्याच्या मनात एक हिशेब आधीच होऊन गेलेला असतो. आज कोणता माल किती खपेल, आठवडी बाजाराला किती लागेल, सणापूर्वी किती भरून ठेवावा, हा तो हिशेब होय. आपल्या भाषेत ह्याला ‘आडाखा’ म्हणतात. आडाखा बरोबर आला तर घरात बरकत येते. चुकला तर माल पडून राहतो, किंवा गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. मोठ्या कारखान्यांना, फौजांना आणि सरकारांनाही हाच आडाखा बांधावा लागतो. फरक इतकाच की त्यांचा आडाखा चुकल्यास त्याची किंमत हजारो कुटुंबांना मोजावी लागते. हे काम माणसाच्या अनुभवाकडून गणिताकडे, गणिताकडून संगणकाकडे, आणि शेवटी एका संगणकाकडून अनेक संगणकांच्या जाळ्याकडे कसे गेले, हा इतिहास पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. त्यातील काही पाने आपल्या दख्खनच्या मातीतीलच आहेत.

शहर, पाणी आणि धान्य

मलिक अंबरने इ. स. १६१० मध्ये खडकी येथे नवे शहर वसविले. इथियोपियातून गुलाम म्हणून आलेला हा पुरुष निजामशाहीचा वजीर झाला. जमीनमहसुलाची शिस्तबद्ध व्यवस्था लावल्याबद्दल तो आजही ओळखला जातो. खडकीस पुढे फतेहनगर, नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे नाव मिळाले. शहर वसविणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा की येथे राहणाऱ्यांना पाणी किती लागेल आणि ते कोठून आणावयाचे. नहर-ए-अंबरीने ह्याचे उत्तर दिले. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे थोडे थोडे पाणी भूमिगत मार्गाने एकत्र करावयाचे आणि उताराच्या आधारे शहरात आणावयाचे, अशी ती योजना होती. एकही झरा एकट्याने शहराची तहान भागवू शकत नव्हता. सर्व मिळून भागवीत होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे संगणकांच्या बाबतीत हाच विचार पुन्हा भेटणार आहे.

पाण्याची सोय नहरीने केली, परंतु धान्य चालत येत असे, तेही बैलाच्या पाठीवर. ही वाहतूक बंजारा समाजाच्या हाती होती. त्यांचे तांडे गावोगावचे धान्य विकत घेत आणि जेथे भाव चढा असेल तेथे नेऊन विकत. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानच्या रस्त्यावर चौदा हजार बैलांचा, धान्याने लादलेला तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. ह्याच मंडीने त्यापूर्वी दोन वर्षे, १६३० च्या अखेरीस, सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास जाताना रस्त्याच्या कडेला भुकेने मेलेली माणसे पाहिली होती. दख्खन आणि गुजरातेत १६३० ते १६३२ ह्या काळात भीषण दुष्काळ पडला होता, आणि त्यातच बादशाही फौजांची दख्खनवर स्वारी चालू होती.

एकाच प्रवाशाने पाहिलेली ही दोन दृश्ये एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. चौदा हजार बैल एकत्र चालविण्याची शक्ती ह्या देशात होती. परंतु कोठे किती धान्य लागणार आहे ही बातमी धान्यापेक्षा फारशी वेगाने धावत नव्हती. तांड्याच्या नाईकास बातमी मिळून तो तेथे पोहोचेपर्यंत वेळ निघून जाई. शिवाय फौजेची मागणी पैशासह येई. उपाशी माणसाची मागणी पैशाशिवाय येई. आडाखा बांधणाऱ्याने कोणाची मागणी मोजावयाची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आडाख्याचे गणित

अनुभवाच्या आडाख्याला गणिताची जोड देण्याची परंपरा जुनी आहे. नवव्या शतकात बगदाद येथे अल्-ख्वारिज्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. वारसाहक्काची वाटणी, व्यापार आणि जमिनीची मोजणी अशा रोजच्या व्यवहारासाठी हे शास्त्र उपयोगी पडावे, असा त्याचा हेतू होता. हिंदुस्थानी अंकपद्धतीवरही त्याने लिहिले. संगणकास दिलेल्या क्रमवार कृतीस आज जगभर ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द त्याच्याच नावाचा अपभ्रंश आहे.

मालाच्या साठ्याचे आधुनिक गणित मात्र विसाव्या शतकात आले. १९१३ साली फोर्ड हॅरिस ह्या अमेरिकन गृहस्थाने एका वेळी किती माल मागवावा ह्याचे सूत्र दिले. वारंवार थोडा माल मागविला तर मागविण्याचा खर्च वाढतो. एकदम पुष्कळ मागविला तर सांभाळण्याचा खर्च वाढतो. ह्या दोहोंचा मेळ घालणारे हे सूत्र वर्गमुळाचे आहे. म्हणजे खप चौपट झाला तरी एका वेळची मागणी चौपट नव्हे, दुपटीनेच वाढवावी. आपली मुले शाळेत वर्गमूळ शिकतात आणि ‘ह्याचा उपयोग काय?’ असे विचारतात. त्यांना दाखविण्याजोगे हे एक उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धात रॉबर्ट ब्राऊन अमेरिकन नौदलासाठी पाणबुडीचा माग काढण्याच्या गणितावर काम करीत होता. युद्धानंतर त्याने तीच रीत सुट्या भागांच्या मागणीस लावली. रीत अगदी सोपी आहे. समजा, एका दुकानदाराने शंभर सदरे खपतील असे धरले आणि खपले एकशेवीस. चूक वीसची झाली. ह्या चुकीचा सगळा नव्हे, तर पाचवा हिस्सा जुन्या अंदाजात मिळवावयाचा. म्हणजे पुढील अंदाज एकशेचार. अशा रीतीने प्रत्येक वेळी आपल्या चुकीपासून थोडे शिकत जावयाचे. एका दिवसाच्या तेजीने हुरळून जावयाचे नाही आणि एका दिवसाच्या मंदीने खचावयाचे नाही. चार्ल्स होल्टने १९५७ साली आणि पीटर विंटर्सने १९६० साली ह्या रीतीत चढउताराची दिशा आणि हंगाम ह्यांची भर घातली. आजही अनेक कारखान्यांत हेच गणित चालते.

१९५८ साली जे फॉरेस्टर ह्या प्राध्यापकाने पुरवठ्याच्या साखळीचा एक विचित्र दोष दाखवून दिला. गिऱ्हाइकांची मागणी शेकडा पाचने वाढली की किरकोळ दुकानदार सावधगिरी म्हणून शेकडा दहाने जास्त मागवितो. ते पाहून घाऊक व्यापारी वीस टक्के वाढवितो. कारखानदार त्याहून जास्त माल काढतो, आणि त्याला सुटे भाग पुरविणारा लहान कारखाना रात्रपाळी सुरू करतो. थोड्या दिवसांनी सर्वांची गोदामे भरलेली आढळतात आणि मग मागणी एकाएकी बंद पडते. आसूड ओढताना मूठ थोडीशी हलते, पण टोक केवढ्या जोराने फिरते! म्हणूनच पुढे ह्या दोषास आसुडाचे नाव पडले. आसुडाच्या टोकाशी नेहमी सर्वांत लहान माणूस असतो. ह्या दोषावर उपाय एकच : खऱ्या गिऱ्हाइकाने काय घेतले ही माहिती साखळीतील सर्वांना एकाच वेळी मिळाली पाहिजे आणि तिच्यावरून अंदाज लवकर निघाला पाहिजे.

एक मोठे यंत्र की अनेक लहान?

अंदाज लवकर काढावयाचा म्हणजे संगणक आला. भारतात पहिला संगणक १९५६ साली कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. पिकांची नमुना पाहणी करून उत्पन्नाचा अंदाज काढण्याचे शास्त्र ह्याच महालनोबीसांनी येथे रुजविले होते. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कामास लागला. पुढे त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले.

१९८० नंतरच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारतास महासंगणक हवा होता. अमेरिकेने पुष्कळ घासाघीस करून दिल्लीच्या हवामान केंद्रास एक क्रे यंत्र दिले, परंतु त्याहून अधिक ताकदीचे यंत्र देण्याचे नाकारले. ह्या नकारातून १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर ह्यांच्याकडे होते. १९९१ साली संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार करून दाखविला. त्यात एकच बलाढ्य मेंदू नव्हता. बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकमेकांना जोडून, कामाचे तुकडे करून, ते एकाच वेळी सर्वांकडून करून घेतले होते. नहर-ए-अंबरीत झऱ्यांचे जे केले, तेच येथे गणनाशक्तीचे केले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यापुढची पायरी म्हणजे ग्रिड. एका खोलीतील प्रक्रियक जोडता येतात, तर निरनिराळ्या शहरांतील संगणक का जोडता येऊ नयेत? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९८८ सालीच ‘काँडॉर’ नावाची व्यवस्था चालू केली होती. टेबलावरचे संगणक रात्री आणि जेवणाच्या सुटीत रिकामे असतात. त्या वेळात त्यांच्याकडून दुसऱ्यांचे काम करून घ्यावयाचे, अशी तिची कल्पना होती. १९९८ साली इयान फॉस्टर आणि कार्ल केसलमन ह्यांच्या ग्रंथाने ‘ग्रिड’ हे नाव रूढ केले. नाव विजेच्या जाळ्यावरून घेतले आहे. घरात दिव्याची कळ दाबताना वीज कोयनेची की परळीची हे आपण विचारीत नाही. तद्वत गणनाशक्तीही कोठून येते हे वापरणाऱ्यास कळण्याची गरज पडू नये. जिनेव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या जगभर पसरलेल्या ग्रिडमध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही सामील आहे.

भारताची स्वतःची ग्रिड ‘गरुड’ ह्या नावाने सी-डॅकनेच उभारली. २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या तिच्या पहिल्या टप्प्यात सतरा शहरांतील पंचेचाळीस संस्था जोडल्या गेल्या. आपत्तीच्या वेळी विमानातून घेतलेल्या चित्रांची झटपट छाननी आणि जैवमाहितीशास्त्र ही तिच्या कामाची काही उदाहरणे होत. ‘गरुड’ ही मुख्यतः संशोधकांसाठी होती, दुकानदारांसाठी नव्हे. परंतु तिने हे सिद्ध केले की निरनिराळ्या मालकीची, निरनिराळ्या जातीची यंत्रे एका शिस्तीत काम करू शकतात. ह्याच काळात, २००७ साली, पुण्यात टाटा समूहाने बांधलेला ‘एका’ हा महासंगणक जगात चौथ्या क्रमांकावर आला.

जाळ्यावर मालाचा अंदाज

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मालाच्या अंदाजास एवढ्या यंत्रांची गरज काय? एक साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या व्यापारी कंपनीची पाचशे दुकाने आहेत आणि प्रत्येकात चार हजार वस्तू आहेत, असे समजू. म्हणजे रोज वीस लाख निरनिराळे अंदाज काढावयाचे. प्रत्येकास अर्धा सेकंद लागला तरी एकूण दहा लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवसांहून अधिक वेळ झाला. उद्याच्या मालाचा अंदाज बारा दिवसांनी हाती आला तर तो कोणत्या कामाचा? तेच काम शंभर संगणकांना वाटून दिले तर सुमारे पावणेतीन तासांत संपते. रात्री दुकाने बंद झाल्यावर सुरू केले की पहाटे गाड्या भरावयाच्या आत तयार.

हे काम वाटून देण्यास फार सोयीचे आहे, कारण नाशिकच्या दुकानातील साबणाचा अंदाज काढताना परभणीच्या दुकानातील तांदळाचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागत नाही. मुख्य यंत्र कामाचे तुकडे करते, कोणते यंत्र रिकामे आहे ते पाहते, तुकडे पाठविते, उत्तरे गोळा करते, आणि एखादे यंत्र मध्येच बंद पडले तर त्याचा तुकडा दुसऱ्याकडे देते. कोणाला कोणती माहिती पाहू द्यावयाची ह्याची ओळखपत्रेही तेथे तपासली जातात, कारण विक्रीचे आकडे म्हणजे व्यापाऱ्याची तिजोरीच होय. व्यापारी जगाने ही कल्पना लवकर उचलली. ओरॅकल कंपनीने २००३ साली आपल्या माहितीसाठ्याच्या नव्या आवृत्तीच्या नावातच ग्रिडचे आद्याक्षर घातले. २००६ साली अॅमेझॉनने तासाच्या भाड्याने संगणक देण्यास प्रारंभ केला आणि ग्रिडच्या कल्पनेतूनच पुढे ‘क्लाउड’चा व्यवसाय वाढला. आज लहान कारखानदारासही महासंगणक विकत घ्यावा लागत नाही. काही तासांचे भाडे भरले की पुरते.

परंतु यंत्रे वाढली म्हणजे अंदाज आपोआप खरे होतात, असे समजणे चुकीचे आहे. स्पायरॉस माक्रिडाकिस ह्या संशोधकाने १९८२ साली १००१ निरनिराळ्या आकडेमालिकांवर अंदाजाच्या अनेक रीतींची स्पर्धा लावली. अतिशय गुंतागुंतीच्या रीती साध्या रीतींपेक्षा नेहमी सरस ठरतातच असे नाही, हा तिचा निष्कर्ष होता. २०२० साली ह्याच परंपरेतील पाचवी स्पर्धा वॉलमार्टच्या दुकानांतील विक्रीच्या ४२,८४० मालिकांवर झाली. ह्या वेळी मात्र आकड्यांतून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय रीती पुढे गेल्या. आणि अचूकतेच्या स्पर्धेत जगभरच्या हजारो स्पर्धकांत पहिला कोण आला? दक्षिण कोरियातील एका विद्यापीठाचा, पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा विद्यार्थी! त्याच वर्षी मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि साऱ्या जगाचे आडाखे एका आठवड्यात कोसळले, कारण पूर्वी कधी न घडलेली गोष्ट जुन्या आकड्यांत सापडत नाही.

वाळूज आणि शहागंज

हा इतिहास आपल्या दाराशी कसा येतो ते आता पाहू. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. चिकलठाणा आणि शेंद्रा येथेही अशीच वाढ झाली. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांची चूल ह्या लहान कारखान्यांतील खराद, प्रेस आणि वेल्डिंगवर पेटते. पाऊस लांबला, पीक बुडाले की खेड्यातील मोटारसायकलची खरेदी लांबते. ती बातमी आसुडासारखी फिरत फिरत शेवटी कंत्राटी कामगाराच्या हजेरीवर येऊन आदळते. मोठ्या कारखान्याकडे अंदाज काढणारी यंत्रे असतात. टोकाशी असलेल्या कारखानदाराकडे बहुधा वही आणि फोन असतो. पुढील तीन महिन्यांचा खरा अंदाज त्याला वेळेवर मिळाला तर तो रात्रपाळीसाठी कर्ज काढणार नाही आणि नंतर माणसेही कमी करणार नाही. म्हणून मागणीचा अंदाज हा केवळ कंपनीच्या नफ्याचा विषय नाही. तो मजुराच्या रोजगाराचाही विषय आहे.

दुसरे उदाहरण शहागंजच्या बाजाराचे. रमजानमध्ये शेवया, खजूर, सुकामेवा, कापड ह्यांची मागणी कशी वाढते हे आपण सर्व जाणतो. परंतु संगणकास हे कोण सांगणार? यंत्रास इंग्रजी महिने ठाऊक असतात. आपली ईद चांद्र वर्षाप्रमाणे येते, म्हणजे इंग्रजी तारखेने दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. भारतात २०२४ साली ईद-उल-फित्र ११ एप्रिलला होती आणि २०२५ साली ३१ मार्चला. गेल्या एप्रिलात खूप माल खपला म्हणून ह्या एप्रिलातही खपेल, असा अंदाज यंत्राने काढला तर मार्चमध्ये माल कमी पडेल आणि एप्रिलमध्ये पडून राहील. हजार संगणक जोडले तरी ही चूक सुधारणार नाही. उलट तीच चूक हजारपट वेगाने होईल. हिजरी महिन्याची एक ओळ ज्या माणसाने आकड्यांत भरली, त्याने ती सुधारली. अशी माहिती आपल्या मुलांना घरातच मिळते. तिला गणिताची जोड देणे एवढेच बाकी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या क्षेत्रात शिरण्यास फार मोठे भांडवल लागत नाही. दहावीपर्यंतचे गणित पक्के असावे, सरासरी आणि टक्केवारी बोटांवर असावी, संख्याशास्त्राची गोडी असावी, आणि एक संगणकभाषा नेटाने शिकावी. आपल्या वडिलांच्या किंवा शेजाऱ्याच्या दुकानाची वर्षभराची विक्री तारीखवार उतरून घ्यावी आणि वर सांगितलेली पाचव्या हिश्शाची रीत तिला लावून पाहावी. अंदाज कोठे चुकला, का चुकला, त्या दिवशी पाऊस होता की बाजार होता, हे लिहून ठेवावे. मुलींनीही हे अवश्य करावे. हे काम बुद्धीचे व चिकाटीचे असून ते पुष्कळसे घरी किंवा महाविद्यालयात बसून करता येते.

पालकांनाही एक विनंती आहे. शाळेतील संगणकांची खोली तास संपला की कुलूपबंद होते आणि सकाळपर्यंत ती यंत्रे रिकामी असतात. काँडॉरची कल्पना अशाच रिकाम्या यंत्रांवरून निघाली होती. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी ठरविले तर एका खोलीतील वीस संगणक जोडून मुलांना हे सारे प्रत्यक्ष करून दाखविता येईल. त्यासाठी शिक्षकांना थोडे प्रशिक्षण, मुलांना संध्याकाळचे दोन तास आणि किल्ली सांभाळणारा एक जबाबदार माणूस पाहिजे.

तांड्याचा नाईक निरक्षर असेल, पण कोणत्या गावी धान्याला काय भाव येईल हे त्याला अचूक कळत असे, आणि त्याच्या आडाख्यावर शहरे जगत. आता तो आडाखा यंत्रांच्या जाळ्यात उतरला आहे. त्या जाळ्यात आपल्या कारागिरांची, लहान दुकानदारांची आणि मजुरांची गरज मोजली जावी असे वाटत असेल, तर ते गणित मांडणाऱ्यांत आपली मुले-मुलीही असली पाहिजेत.